मधला अर्धा तास

पुण्याहून नागपूरला निघालेलं विमान लोहगावच्या धावपट्टीकडे रांगत चाललं होतं. वैमानिकाने घोषणा केली की आजच्या उड्डाणाचा वेळ साधारण एक तास. शेजारच्या सीटवरच्या काकांनी मांडीवरची बाकरवडीची पिशवी सावरली आणि ते माझ्याकडे वळले.

"हा पायलट एक तास सांगून राहिला जी. तिकिटावर तं दीड तास लिहून आहे. मधला अर्धा तास कुठं गेला?"

मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत विमान उडालं आणि काकांना डुलकी लागली. पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. दोन गावांमधल्या विमानप्रवासाला किती वेळ लागतो हे विचारायला सोपं आहे. उत्तर मात्र कुणाला विचारता आणि कुठल्या महिन्यात विचारता यावर ठरतं. अंतराचंही तसंच आहे. पुणे-नागपूर किती लांब? रेल्वे म्हणेल ८८१ किलोमीटर. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत तेवढं धावते, आणि तिला बारा तास लागतात. मोटारवाला म्हणेल सातशेच्या पुढे, संभाजीनगरवरून समृद्धी महामार्गाला लागलात तर. आणि विमान?

विमानाचं अंतर आपलं आपल्याला काढता येतं. त्यासाठी शाळेतला पायथागोरस आणि पाकिटाची कोरी पाठ एवढं पुरतं. मी तेच केलं. लोहगाव साधारण १८.५८ उत्तर अक्षांशावर आणि ७३.९२ पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचं सोनेगाव २१.०९ आणि ७९.०५ वर. म्हणजे नागपूर आपल्यापेक्षा अडीच अंश उत्तरेला आणि पाच अंशांहून थोडं जास्त पूर्वेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे झाले २७८. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच रुंद असतो, पण ध्रुवाकडे जाताना संत्र्याच्या फोडीसारखा निमुळता होत जातो. आपल्या अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो. त्यामुळे पूर्वेकडे झाले ५३७. दोन्हींचे वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ काढलं: ६०५ किलोमीटर. रेल्वेच्या अंतरातून पावणेतीनशे किलोमीटर गळाले. दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा विमानाला घ्यावा लागत नाही.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा पायथागोरस चालतो का? सहाशे किलोमीटरपर्यंत बिनघोर चालतो. चूक एखाद्या किलोमीटरची. पुणे-लंडन असा हिशेब केलात तर मात्र फसाल. तिथे नाविकांचं जुनं सूत्र लागतं, 'हॅवरसाइन'. नाव परकं वाटलं तरी त्याच्या पोटात आपली ज्या आहे. आर्यभटाची ज्या किंवा जीवा अरबीत 'जिबा' झाली, लॅटिनमध्ये तिचा चुकून भलताच अर्थ लावला गेला आणि त्यातून 'साइन' निघाला. त्याच घराण्यातली दुसरी राशी म्हणजे उत्क्रमज्या. तिचं अर्धं म्हणजे हॅवरसाइन. मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकून अंतर विचारलं की आत बहुधा हेच सूत्र फिरत असतं.

वैमानिकाला मात्र आपले किलोमीटर नको असतात. त्याचा नॉटिकल मैल १८५२ मीटरचा, अक्षांशाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा. त्यामुळे नकाशाच्या कडेला असलेली अक्षांशांची पट्टीच त्याची मोजपट्टी होते. पुणे-नागपूर त्याच्या भाषेत सव्वातीनशे मैल. प्रवासी जेट पूर्ण उंचीवर ताशी साडेचारशे मैलांनी, म्हणजे ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतं. सरळ भागाकार केला तर पाऊण तासही लागू नये. ४४ मिनिटं.

म्हणजे काकांच्या तक्रारीत आणखी एक आकडा वाढला. गणित म्हणतं ४४, वैमानिक म्हणतो ६०, तिकीट म्हणतं ९०. तिघंही खरं बोलतात.

आधी गणित आणि वैमानिक यांच्यातली तफावत बघू. पहिली गोष्ट म्हणजे विमान ८३० चा वेग फार थोडा वेळ गाठतं. उडाल्यावर ते चढत असतं, आणि दहा हजार फुटांखाली वेगावर २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० नॉटिकल मैलांची मर्यादा असते. ३३ हजार फुटांवर पोचेपर्यंत वीसेक मिनिटं आणि दोनशे किलोमीटर संपलेले असतात. उतरण्याचा हिशेब वैमानिकांच्या जिभेवर असतो: जितके हजार फूट उंची, त्याच्या तिप्पट मैल आधी उतरायला लागायचं. ३३ चे तिप्पट ९९. म्हणजे नागपूर अजून १८० किलोमीटरवर असतानाच विमान नाक खाली करतं. ६०५ मधून चढण वजा करा, उतरण वजा करा. उरले दोनशे-सव्वादोनशे. खऱ्या अर्थाने वेगात उडणं पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात ट्रॉली मधल्या रांगेपर्यंत येते आणि परत ओढत न्यावी लागते. सँडविच अर्धवट हातात असतानाच खुर्ची सरळ करायला सांगतात, यात हवाई सुंदरीचा दोष नाही. दोष भूगोलाचा.

दुसरी गोष्ट धावपट्टीची. रस्त्यावरच्या गाडीला तोंड कुठेही वळवता येतं. विमानाला धावपट्टी ज्या दिशेने बांधली आहे त्याच दिशेने निघावं लागतं, आणि तेही शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन. लोहगावच्या धावपट्टीच्या एका टोकाला १० हा आकडा रंगवलेला आहे, दुसऱ्या टोकाला २८. त्यांच्यापुढे एक शून्य लावा की होकायंत्राची दिशा मिळते: १०० अंश म्हणजे पूर्वेच्या जरा दक्षिणेला, २८० म्हणजे पश्चिमेच्या जरा उत्तरेला. नागपूर पुण्यापासून ६२ अंशांवर, ईशान्येपेक्षा जरा पूर्वेला कललेलं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे विमान २८ वरून निघतं. जायचंय विदर्भात आणि नाक मुंबईकडे! वर चढत चढत ते जवळपास मागे वळतं आणि मग खऱ्या वाटेला लागतं. तीन-चार मिनिटं आणि वीस-पंचवीस किलोमीटर तिथेच गेले. खिडकीतून आपलाच भाग पुन्हा खालून जाताना दिसला तर वैमानिक काही विसरला म्हणून परत आलेला नसतो.

सोनेगावची धावपट्टी १४ आणि ३२ ची, वायव्य-आग्नेय. आपण येतो नैर्ऋत्येकडून. म्हणजे तिथे कुठल्याही टोकाने उतरा, काटकोनाच्या आसपासचं वळण घ्यावंच लागतं, आणि त्या आधी विमानाला धावपट्टीच्या रेषेत पंधरा-वीस किलोमीटर दूर जाऊन उभं राहावं लागतं. लग्नाच्या पंगतीत आपलं पान समोर दिसत असूनही अख्खी रांग ओलांडून मागून यावं लागतं, तसं.

उंचीबद्दल एक गंमत सांगायची राहिली. पूर्वेच्या बाजूला जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, ३१, ३३, ३५ हजार फूट. पश्चिमेकडे येणारी सम हजारांवर, ३२, ३४, ३६. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमध्ये त्यामुळे आपोआप हजार फुटांचं अंतर राहतं. नागपूरला जाताना विषम, पुण्याला येताना सम.

आता वारा. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे घड्याळाला ऋतू असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरकस प्रवाह वाहतो. त्याची मुख्य धार हिमालयाच्या पायथ्याजवळ असते, पण कड आपल्यापर्यंत पोचते. पौष-माघात महाराष्ट्रावर त्या उंचीला पन्नास-साठ नॉटचा पश्चिमवारा सहज मिळतो. नागपूरला जाताना तो पाठीत ढकलतो, येताना छातीवर बसतो. एवढ्याशा अंतरातही जाण्या-येण्यात पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो.

मग मोसमी पाऊस येतो आणि वरचं सगळं उलटतं. खाली जमिनीवर नैर्ऋत्येचा ओला वारा छत्र्या उलट्या करत असतो, पण पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे दुसराच प्रवाह धावत असतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात तो जगासमोर मांडला. पूर्वेकडचा उष्णकटिबंधीय झोत म्हणून तो आज पाठ्यपुस्तकांत आहे, आणि पावसाच्या यंत्रणेचा तो एक महत्त्वाचा भाग मानला जातो. त्याचा जोर दक्षिण भारतावर जास्त, आणि तो विमानांच्या नेहमीच्या उंचीच्याही वर. तरी त्याचा खालचा पदर विमानाला लागतो. आषाढात नागपूरहून पुण्याला येणारा माणूस जरा लवकर पोचतो, पौषात जरा उशिरा. तिकिटावर दोन्ही वेळा आकडा तोच असतो, क्वचित पाच मिनिटं इकडे-तिकडे.

विदर्भाचा उन्हाळा यात आपला हात मारतोच. मे महिन्यात सोनेगावला पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचाही दम कमी पडतो, म्हणून विमान धावपट्टीवर जास्त लांब धावतं आणि सावकाश चढतं. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटरची आहे, त्यामुळे तिथे ते निभतं. लोहगाव समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर, नागपूर १०३३ वर. पुण्याचं विमान आधीच नऊशे फूट उंच उभं असतं. पुणेकरांना हे ऐकून बरं वाटेल.

गणिताच्या ४४ चे ६० झाले ते असे. राहिला काकांचा अर्धा तास.

तो हवेत हरवत नाही, जमिनीवर खर्च होतो. वैमानिक सांगतो तो चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंतचा वेळ. तिकिटावरचा वेळ वेगळ्या घड्याळाने मोजलेला असतो. विमान उभं असताना चाकांना रबरी किंवा लाकडी ठोकळे लावतात, 'चोक' म्हणतात त्यांना. ते काढून विमान मागे ढकललं जातं तेव्हा हे घड्याळ सुरू होतं, आणि दुसऱ्या गावी जागेवर उभं राहून ठोकळे पुन्हा लागतात तेव्हा थांबतं. विमान कंपन्यांचा सगळा संसार या दुसऱ्या घड्याळावर चालतो. वेळापत्रक त्यावर बसतं आणि वैमानिकाच्या उड्डाणाच्या तासांची नोंदही.

मागे ढकलण्याला काही मिनिटं. इंजिनं सुरू करून धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याला पाच-दहा. पुढे दोन विमानं उभी असली तर आणखी. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनचा. प्रवासी विमानतळ त्याच्या एका कोपऱ्यात भाडेकरूसारखा नांदतो. धावपट्टी एकच, तीही दलाची. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर आपण थांबायचं, यात वाद नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये याच धावपट्टीच्या कामासाठी पुण्याची प्रवासी विमानसेवा चौदा दिवस पूर्ण बंद होती. त्या दोन आठवड्यांत पुणेकरांना मुंबईचं विमानतळ किती लांब आहे ते नीट कळलं.

आणि एवढं करूनही हिशेबात पाच-दहा मिनिटं उरतात. ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली असतात. वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान 'वेळेवर' धरलं जातं, आणि वेळेवर किती विमानं पोचली याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. मग कुठली कंपनी कमीत कमी वेळ छापून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल? चालू घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवणारी माणसं प्रत्येक घरात असतात. विमान कंपन्या त्याच जातीच्या. 'आपण नियोजित वेळेआधी पोचलो आहोत' ही घोषणा ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

या मिनिटांना मध्यंतरी चक्क सरकारी भाव होता. २५ मे २०२० ला देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा सरकारने भाड्यांना खालची आणि वरची मर्यादा घातली, आणि ती किलोमीटरवर नव्हे, उड्डाणाच्या मिनिटांवर ठरवली. चाळीस मिनिटांच्या आतल्या प्रवासाला सुरुवातीला किमान २००० आणि कमाल ६००० रुपये, साठ ते नव्वद मिनिटांना ३००० ते ९०००. ही व्यवस्था ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत टिकली. एकाच आकाशातले दोन मार्ग एका मिनिटाच्या फरकाने वेगवेगळ्या भावाच्या खणात पडू शकत होते. 'उडान' योजनेतही असाच धागा आहे: साधारण ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासाच्या ठरावीक जागांना २५०० रुपयांची मर्यादा, या कल्पनेवर ती उभी राहिली. २७ एप्रिल २०१७ ला तिची पहिली उड्डाणं झाली तेव्हा सिमला-दिल्लीबरोबर आपलं नांदेड-हैदराबादही होतं. हवेतून ते अंतर २४५ किलोमीटर भरतं.

अशा मार्गांवर बहुतेक वेळा जेट नसतं, पंखेवालं एटीआर असतं. त्याचे पंखे बघून लोक नाकं मुरडतात, पण कमी अंतरावर तेच शहाणपणाचं. एटीआर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास उडतं. कोल्हापूर-मुंबई हवेतून ३०७ किलोमीटर. एवढ्यात जेट पूर्ण उंचीवर पोचेपर्यंत उतरायची वेळ येते, त्याचा वेग दाखवायला जागाच नाही. दोघांमधला फरक दहा मिनिटांच्या आसपास पडतो, आणि एटीआर इंधन जाळतं कितीतरी कमी. मुंबईत उतरायचं असेल तर ती दहा मिनिटंही खरी नाहीत, कारण तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि रांगेत कुणीही असलं तरी घिरट्या घालाव्या लागतात. पुणे-नागपूरसारख्या, महानगर टाळून जाणाऱ्या मार्गाचा हा एक फायदा. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर तर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं २.७ किलोमीटरचं नियमित उड्डाण आहे. वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. तिथे पट्टा बांधायला उड्डाणापेक्षा जास्त वेळ लागत असणार.

नागपूरचं आकाशातलं महत्त्व काही आजचं नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री डाकोटा विमानं टपालाच्या थैल्या घेऊन निघत आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला जमत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या घरी. चारही शहरं नागपूरपासून सातशे ते हजार किलोमीटरच्या पट्ट्यात, डाकोटाच्या वेगाने अडीच ते साडेतीन तासांवर. शहराच्या मध्यावर झीरो माइलचा दगड आहे, त्यावर गावोगावची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. टपाल विमानांनी नागपूरचं ते मध्यवर्तीपण तासांत मोजून दाखवलं.

माझ्यापुरता शेवटचा हिशेब राहिला. कोथरूडहून लोहगावला सव्वा तास, दोन तास आधी हजर, दीड तास तिकिटावरचा, सामानाच्या पट्ट्यापाशी वीस मिनिटं, पुढे वर्धा रोडवरून घरी वीस मिनिटं. जवळजवळ साडेपाच तास. ६०५ ला त्याने भागा: ताशी ११० किलोमीटर. समृद्धीवर मोटारीला १२० ची परवानगी आहे. कोट्यवधी वर्षं पक्ष्यांनी जे केलं ते साडेपाच तासांत... असली वाक्यं लिहायचा मोह या आकड्यापुढे गळून पडतो. तरी दिवाळीच्या आदल्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या तिकिटाला जे मोजावं लागतं आणि रात्रभर कंबरेचं जे होतं ते आठवून मी पुन्हा विमानच काढतो.

त्या दिवशी आम्ही नियोजित वेळेच्या अकरा मिनिटं आधी उतरलो. मग आमच्या जागेवर दुसरं विमान उभं होतं म्हणून आठ मिनिटं वाटेतच थांबलो. काका जागे झाले होते. त्यांना मी चोक, धावपट्टी, वारा सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पट्ट्यावर बॅग यायची होती तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलून झाल्यावर ते म्हणाले, "पोरगा वर्धा रोडले आहे. म्हणते, पाच मिनिटात पोचतो. आता त्याचे पाच मिनिटं म्हणजे किती, ते सांगा बरं."